सेन्सरवरचा पांढरा थर

१

दिवा पुन्हा पेटला होता.

जयंतीने इंजिन बंद केलं, थोडं थांबून पुन्हा सुरू केलं. स्पीडोमीटरखालचा तो पिवळा दिवा तसाच. मग तिने जावयाने आणून दिलेली कोड वाचायची डबी काढली आणि स्टिअरिंगखाली जोडली. डबीच्या पडद्यावर उमटलेला कोड तिला आता पाठ झाला होता. पुढचा ऑक्सिजन सेन्सर, प्रतिसाद मंद.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे एक्झॉस्टच्या नळीत बसवलेला, अंगठ्याएवढा भाग. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो इंजिनाला सांगतो, आणि त्यावरून इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतं. जयंतीच्या पिकअप ट्रकचा हा सेन्सर वर्षभरात तिसऱ्यांदा मेला होता. पहिला कंपनीतून आलेला मूळचा, पंचवीसेक वर्षं बिनतक्रार चाललेला. तो शरद ऋतूत गेला. दुसरा जावयाने, अनुपने, इंटरनेटवरून मागवला. तो हिवाळ्यात गेला. तिसरा गॅरेजवाल्या ईजिमा-सानांनी स्वतः निवडून घातला होता. आता मे महिना चालू होता.

"खासनीस-सान, इकडे बघा," गॅरेजमध्ये ईजिमा-सान म्हणाले. त्यांनी सेन्सर काढून तिच्या तळहातावर ठेवला. टोकावर एक पांढरा थर होता, पिठीसाखर भुरभुरल्यासारखा. "आधीचाही असाच होता."

"आधीचा आहे अजून?"

"आहे. धातूच्या कचऱ्याचा दिवस चुकला, म्हणून राहिला." त्यांनी मागच्या डब्यातून तोही शोधून दिला. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "पुढच्या आठवड्यात शाकेन आहे. दिवा पेटलेला असेल तर तपासणीला गाडी उभीच करून घेणार नाहीत. नवा सेन्सर घालतो, पण तोही मरणार असेल तर... गाडीचं वय झालंय हो."

शाकेन, म्हणजे गाडीची सक्तीची सरकारी तपासणी, जयंतीसाठी नुसती तपासणी नव्हती. नवरा रविकांत जाऊन दुसरा हिवाळा सरला होता. मुलगी वैभवी आणि अनुप तोक्योत, हिगाशी-कसाईला राहत. त्यांच्याच इमारतीत एक फ्लॅट रिकामा होत होता. "आई, त्सुकुबात एकट्या किती दिवस राहणार? गाडी काढा आणि इकडे या," असं अनुप दर रविवारी फोनवर म्हणे. शेवटी कंटाळून जयंतीने शब्द दिला होता, की गाडी शाकेनला पास झाली नाही तर मोडीत काढते आणि येते.

शब्द देताना गाडी पास होईल याची तिला खात्री होती.

दोन्ही सेन्सर रुमालात बांधून ती निघाली, तेवढ्यात ईजिमा-सान मागून म्हणाले, "एक मात्र मानलं पाहिजे. बॅटरी तुम्ही फार छान ठेवलीय. गाडी रोज काढता वाटतं?"

"नाही," जयंती म्हणाली. "फक्त शनिवारी. बाजाराला."

"आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीची बॅटरी अशी नसते," ते म्हणाले.

२

जयंती एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवत असे. लोक नमुने आणून देत, ती बघून त्यात काय आहे ते सांगे. खोलीला खिडकी नव्हती. यंत्राला हादरे चालत नसत, म्हणून तिथे कुणी गप्पा मारायला यायचं नाही. पूर्वी दुपारी रविकांत यायचा. दोन इमारती पलीकडे त्याची पॉलिमरची प्रयोगशाळा होती. दार लोटून हळूच विचारायचा, "काय सापडलं आज?" आता ते कुणी विचारत नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सेन्सरची दोन्ही टोकं यंत्रात ठेवली.

थर पातळ आणि एकसारखा होता. त्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन एवढी दोनच मूलद्रव्यं होती. म्हणजे वाळूत असते तीच सिलिका.

पहिला विचार धुळीचाच आला. हवेचा फिल्टर फाटला असेल आणि रस्त्याची माती आत जात असेल. पण मातीत नुसती सिलिका कधीच नसते. बरोबर ॲल्युमिनियम येतं, लोह येतं, कॅल्शियम येतं. इथे त्यांचा मागमूस नव्हता. मग कूलंट गळून इंजिनात जळत असेल? काही कूलंटमध्ये सिलिका असते, पण तिच्याबरोबर सोडियम किंवा पोटॅशियम दिसायला हवं. तेही नव्हतं.

इतका स्वच्छ थर एकाच गोष्टीने बसतो. सिलिकोनची वाफ इंजिनात जाऊन जळली, की तिची सिलिका होऊन सेन्सरवर बसते आणि त्याचा श्वास कोंडते. सिलिकोन इंजिनात आपोआप तयार होत नाही. ते बाहेरून यावं लागतं, डब्यातून, ट्यूबमधून किंवा फवाऱ्यातून.

आणि वर्षभरात तीन सेन्सर मेले, म्हणजे ते एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आलं होतं.

जयंतीने पडदा बंद केला. गाडी म्हातारी झाली नव्हती. कुणीतरी तिला थोडं थोडं मारत होतं.

३

"सीलंट?" ईजिमा-सानांचा चेहरा बदलला. संध्याकाळची वेळ होती, ते शटर ओढायच्या तयारीत होते. "खासनीस-सान, तुम्ही मला विचारताय की मीच गाडी बिघडवतोय का?"

"मी सगळ्यांनाच विचारणार आहे," जयंती म्हणाली. "सुरुवात तुमच्यापासून, कारण तुम्ही जवळ राहता."

ते हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी त्यांच्याकडची सीलंटची ट्यूब आणली आणि तिच्यावरची ओळ दाखवली. ऑक्सिजन सेन्सरला अपाय न करणारं, असं तिथे लिहिलेलं होतं. "आणि हे तुमच्या गाडीला लागलंच नाही. सेन्सर नुसता आटे फिरवून बसतो. शिवाय पहिला मेला तेव्हा गाडी माझ्याकडे आलीच नव्हती. दिवा पेटल्यावर आली."

ते खरं होतं. पहिला सेन्सर मरेपर्यंत ईजिमा-सानांनी बॉनेट उघडलंच नव्हतं. अनुपने इंटरनेटवरून मागवलेला सेन्सर नकली असावा, असाही संशय तिच्या मनात होता. पण मूळचा आणि ईजिमा-सानांचा, दोन्ही अस्सल भाग तसेच मेले होते. दोष सेन्सरचा नव्हता.

"बॉनेट उघडाल?"

त्यांनी उघडलं. रविकांत गेल्यापासून जयंतीने आत डोकावलं नव्हतं. सगळीकडे जुनाट, करडा थर असेल अशी तिची अपेक्षा होती. पण रबराच्या नळ्या काळ्याभोर चमकत होत्या. तिने एका नळीवर बोट टेकवलं, ते सरकलं. इंजिन जिथून हवा आत ओढतं त्या तोंडाच्या कडेला चिकट पडदा साचला होता, त्यात बारीक किडे अडकलेले.

"सिलिकोन स्प्रे," ईजिमा-सान हळूच म्हणाले. "नळ्या चमकवायला मारतात. इथे मारला तर सरळ आत जातो. मी बॅटरी बघितली, सेन्सर बघितला, नळ्यांचा विचारच केला नाही. मला वाटलं, तुम्हीच पुसता."

बॉनेटचा खटका गाडीच्या आत होता आणि गाडीला कुलूप असे. किल्ल्या दोनच. एक जयंतीच्या पर्समध्ये. दुसरी रविकांतची. ती त्याच्या वस्तूंच्या खोक्यात गेली होती, आणि ती खोकी तिला घरात बघवेनात, म्हणून गेल्या वर्षी हिगाशी-कसाईला नेऊन ठेवली होती.

नेली होती अनुपने.

४

शेजारचे किकुची-सान निवृत्त शिक्षक होते. रविकांतने ट्रक आणला त्या वर्षी ते एकदा दारात येऊन, खूप वाकून, आवाजाबद्दल तक्रार करून गेले होते. त्यानंतर दोन्ही घरांत फक्त नमस्कार उरला होता.

जयंतीने मंगळवारी सकाळी त्यांना कुंपणाशी गाठलं. ते कचऱ्याच्या पिशवीवरचं जाळं नीट करत होते.

"माझ्या गाडीपाशी कुणी येताना दिसलं का तुम्हाला? मी घरी नसताना?"

"माझी खिडकी त्या बाजूला नाही," ते म्हणाले. मग काहीतरी बोलावं की नाही असं करत उभे राहिले. "पण ऐकू येतं. बुधवारी दुपारी. इंजिन सुरू होतं, बराच वेळ चालतं, मग बंद होतं. गाडी मात्र कुठे जात नाही. मला वाटायचं, तुम्ही बुधवारी लवकर घरी येता."

"बुधवारी मी संध्याकाळपर्यंत संस्थेत असते."

"हो का?" किकुची-सान गोंधळले. "कधीपासून, असं विचाराल तर, गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"आवाजाची तक्रार मी एकदा केली," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "नंतर तुमचे यजमान गेले. उभ्या गाडीचा तो आवाज पुन्हा ऐकू आला तेव्हा मला बरंच वाटलं. कुणीतरी आहे असं वाटायचं. मी एकटाच असतो ना."

दोन घरांच्या मध्ये छातीएवढं कुंपण होतं, आणि हे वाक्य पलीकडून इकडे यायला एवढे महिने लागले होते.

ती सायकलवर बसली तेव्हा एकच गोष्ट मनात घोळत होती. किल्ली अनुपकडे आहे. गाडी मोडीत निघावी असं अनुपला वाटतं. यंत्रांचे व्हिडिओ बघण्यात त्याचा रविवार जातो. आणि कोड वाचायची डबी त्यानेच दिली, म्हणजे दिवा पेटला की ते पहिलं त्यालाच कळावं.

५

अनुपने फोन लगेच उचलला. मागे ऑफिसातला आवाज होता. "आई, पाच मिनिटं, मीटिंगमधून बाहेर येतो." दार लागल्याचा आवाज झाला. "बोला. सगळं ठीक ना?"

"अनुप, तू बुधवारी त्सुकुबाला येतोस का?"

"मी? कशाला?"

"गाडीपाशी."

जयंतीने ठरवलं होतं की नुसते प्रश्न विचारायचे. पण एवढ्या महिन्यांचं साचलेलं तोंडातून बाहेर पडलं. "ह्यांची किल्ली तुमच्या घरी आहे. गाडीत कुणीतरी दर आठवड्याला स्प्रे मारतंय आणि सेन्सर मरतायत. गाडी पास झाली नाही तर मी तिकडे येणार, हे तुला माहीत आहे. मला सरळ सांग, मी रागावणार नाही."

"आई." त्याचा आवाज खाली गेला. "तुम्हाला असं वाटतं की मी बाबांची गाडी बिघडवेन?"

"मला वाटत नाही. मी विचारते आहे."

"बुधवारी आमचा क्लायंट कॉल असतो. दिवसभर. क्योको-सानना विचारा हवं तर, त्या बाजूलाच बसतात." तो रागावला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मी तुम्हाला इकडे बोलावतो, कारण वैभवी रोज रात्री तुमच्याबद्दल बोलते आणि तुम्हाला फोन मात्र करत नाही. मला मध्ये काय करायचं कळत नाही. बाकी काही नाही."

"किल्ली कुठे आहे?"

"खोक्यात असेल. ती खोकी वैभवीच्या कपाटात आहेत, मी हात लावत नाही. संध्याकाळी विचारतो तिला. आत्ता फोन उचलणार नाही, आणि उद्या तर बुधवार, तिचा फुलांच्या दुकानात बाइतो असतो."

जयंती म्हणाली, "नको. तिला काही विचारू नकोस. माझीच काहीतरी गफलत झाली असेल."

फोन ठेवल्यावर ती संस्थेतल्या आपल्या खोलीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. वैभवीने फुलांच्या दुकानातली ती अर्धवेळ नोकरी गेल्या उन्हाळ्यातच सोडली होती. पाठ दुखते म्हणून. आईला तिने स्वतः सांगितलं होतं, त्यांच्या त्या दोन-दोन मिनिटांच्या फोनपैकी एकात. नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

६

बुधवारी जयंतीने रजा घेतली. आपलं घर बुधवारी दुपारी कसं असतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. उन्हाचा चौकोन जेवणाच्या टेबलावरून सरकत होता. दोन खुर्च्यांपैकी एकीवर इस्त्रीचे कपडे होते. कुणी आलंच नाही तर बरं, असं तिला मधूनच वाटत होतं.

बसथांब्याच्या बाजूने वैभवी आली. हातात हार्डवेअरच्या दुकानाची पिशवी, पाठीला पट्टा बांधलेला. घराकडे तिने मान वर करूनही पाहिलं नाही. ट्रकचं दार उघडून ती चालकाच्या जागेवर बसली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. मग इंजिन सुरू झालं. खटका ओढून ती खाली उतरली, बॉनेट वर केलं, पिशवीतून डबा काढून हलवला.

जयंती चपला घालून बाहेर गेली.

"तो नळ्यांवर मारू नकोस," ती म्हणाली.

वैभवी दचकली. डबा हातातच राहिला. "आई! तू... शिगोतो?"

"कामावर गेले नाही. तुझी वाट बघत होते."

"तुला कसं कळलं?"

"थरात माती नव्हती, म्हणजे सिलिकोन बाहेरून आलं. नळ्या पुसलेल्या होत्या. सेन्सर मारायचा असता तर कुणी नळ्या कशाला पुसल्या असत्या? बॅटरी टवटवीत होती. गाडी मारायला निघालेला माणूस बॅटरी जपत नाही. किकुची-सान इंजिन ऐकायचे, बुधवारी. किल्ली तुझ्या कपाटात. आणि अनुपला वाटतं तू अजून फुलं विकतेस." जयंती एक पाऊल पुढे आली. "हे सगळं हातात असून मी आधी त्याच्यावरच संशय घेतला. कारण तू इथपर्यंत येशील असं माझ्या मनातच आलं नाही."

वैभवीने डब्याकडे बघितलं. "सेन्सर... ते माझ्यामुळे? होंतो नि? खरंच?"

"इंजिन चालू असताना ते हवा ओढतं. तू मारलेलं सगळं आत जात होतं."

"पण बाबा पण मारायचे! इंजिन चालू ठेवून, आवाज ऐकत. मी शेजारी उभी असायचे."

"इंजिन ऐकायचे तेव्हा ऐकायचे. पुसायचे ते गाडी थंड झाल्यावर. ते फडक्यावर घ्यायचे, गाडीपासून लांब. आणि त्यांच्या बाटलीत सिलिकोन नव्हतंच, लॅबमध्ये स्वतः कालवलेलं काहीतरी होतं. जन्मभर पॉलिमर केलं त्यांनी, त्यांना माहीत होतं."

वैभवी ट्रकच्या पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. "मला वाटलं रबर सुकेल. कुणी बघत नाही म्हणून. मी तर... मी तर ती चांगली राहावी म्हणून येत होते."

जयंती तिच्याजवळ उभी राहिली. खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण किती दिवसांत ठेवला नव्हता, म्हणून तो मध्येच थांबला.

"घरात का नाही आलीस? एकदाही?"

"तू नसतेस म्हणून तर बुधवारी यायचे."

जयंतीने तिच्याजवळचा डबा उचलून बाजूला ठेवला.

"त्या घरात बाबांचं काहीच नाही, आई," वैभवी नाक पुसत म्हणाली. "तू सगळं खोक्यांत भरून आमच्याकडे पाठवलंस. मी त्यांचं नाव काढलं की तू उठून भांडी घासायला जातेस. Then where do I go? फक्त ही गाडी राहिली होती. आणि अनुप म्हणाला, आई ती पण काढणार."

"काढायची नव्हती मला."

"मग तू तसं म्हणाली का नाहीस?"

"कुणाला म्हणणार होते?"

इंजिन चालूच होतं. कुंपणापलीकडे एक दार हळूच उघडून पुन्हा मिटलं. शेवटी जयंतीने थांबलेला हात पुढे नेला आणि मुलीच्या पाठीवर ठेवला, पट्ट्याच्या वर, दुखत नसेल अशा जागी.

७

ईजिमा-सानांनी हवेची नळी सोडवून आतून धुतली, फिल्टर बदलला, नवा सेन्सर घातला. गाडी शाकेनला पास झाली. दिवा पेटला नाही.

अनुपला जयंतीने फोन करून माफी मागितली. "नाही नाही आई, ठीक आहे," तो म्हणाला, ऑफिसात बोलतात त्या आवाजात. पुढचे दोन रविवार त्याचा फोन आला नाही. फ्लॅटबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. तो दुसऱ्याच कुठल्या कुटुंबाने घेतला.

जूनमधल्या एका शनिवारी वैभवी आली, या वेळी दाराची बेल वाजवून. दोघी ट्रक घेऊन कासुमिगाउरा तलावापर्यंत गेल्या. वैभवी चालवत होती. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. दोघींना सवय नव्हती. विषय निघत होते आणि पुढच्या सिग्नलला संपत होते.

तलावाकाठी तिने गाडी उभी केली. समोर पाणी करडं, सपाट होतं. लांबवर एकच होडी होती. जयंती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "ही गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी तुझ्या बाबांनी मला काय सांगितलं होतं, माहितीये?"

वैभवीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"आवाजात नीट ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आता सांग."